मानेच्या मणक्यांची मापे घेताना: हाड निवडण्यापासून तक्ता भरेपर्यंत

ॲनाटॉमी, ऑर्थोपेडिक्स किंवा न्यूरोसर्जरीच्या प्रबंधासाठी मानेच्या मणक्यांची मापे हा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतो. हाडे विभागातच असतात, कॅलिपर स्वस्तात मिळतो, रुग्ण शोधत फिरावे लागत नाही. त्यामुळे काम सोपे वाटते. मात्र तयार तक्ता घेऊन स्पाइन सर्जनकडे गेले की पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते: "हे माप नेमके कुठून कुठपर्यंत घेतले?" उत्तर लिहून ठेवलेले नसते आणि शंभर हाडांची मेहनत पाण्यात जाते.

चुका बहुतेक ठिकाणी त्याच दिसतात. सुटी हाडे घेऊन त्यांना सी-३, सी-४ असे क्रमांक (मानेचे सात मणके वरून सी-१ ते सी-७) दिले जातात, पेडिकलची (मणक्याचा पुढचा जाड भाग, म्हणजे बॉडी, मागच्या कमानीशी जोडणाऱ्या हाडाच्या दांड्याची) रुंदी चुकीच्या दिशेने मोजली जाते आणि शेवटी फक्त सरासरी छापली जाते. या तिन्ही चुका टाळण्यासाठी कामाचा क्रम कसा लावावा, ते खाली दिले आहे.

## १. आधी शस्त्रक्रिया ठरवा, मग मापे

"मणक्याची सर्व मापे घेऊ, नंतर बघू" या पद्धतीने वीस-पंचवीस मापे जमतात, पण त्यातली दोन-तीनच कामाची निघतात. उलट बाजूने सुरुवात करा. एक शस्त्रक्रिया निवडा आणि त्या सर्जनला टेबलावर कोणता निर्णय घ्यावा लागतो, हे विचारा.

पेडिकल स्क्रू (सी-३ ते सी-७): पेडिकलची रुंदी, उंची, मध्यरेषेशी होणारा कोन आणि अक्षाची लांबी. इथे सहसा ३.५ मिमी व्यासाचा स्क्रू वापरतात. त्याभोवती दोन्ही बाजूंना हाड उरायला हवे, म्हणून ४ ते ४.५ मिमीपेक्षा अरुंद पेडिकल धोक्याचे मानतात.

लॅटरल मास (मणक्याच्या बाजूचा, सांधे असलेला हाडाचा जाड भाग) स्क्रू: लॅटरल मासची उंची, रुंदी व जाडी, आणि मागच्या पृष्ठभागाच्या मध्यबिंदूपासून फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियम (मणक्याच्या बाजूच्या फाट्यातले छिद्र) कोणत्या दिशेला येते ते.

सी-१–सी-२ जोडणी: मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या वेळी असलेले डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली आणि जर्मनीतले यूर्गन हार्म्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सी-१च्या लॅटरल मासमध्ये व सी-२मध्ये स्वतंत्र स्क्रू बसतात. त्यासाठी सी-१च्या लॅटरल मासची मापे, मागच्या कमानीची व्हर्टिब्रल आर्टरीच्या (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या) खोबणीखालची जाडी, ती खोबणी मध्यरेषेपासून किती दूर आहे ते अंतर आणि सी-२च्या इस्थमसची (वरच्या व खालच्या सांध्यांमधल्या अरुंद भागाची) उंची लागते.

पुढून केलेली शस्त्रक्रिया: बॉडीची पुढून मागे खोली, म्हणजे स्क्रूची लांबी ठरवता येते. कॉर्पेक्टॉमी (बॉडी काढून टाकणे) असेल तर दोन अन्सिनेट प्रोसेसमधले (बॉडीच्या वरच्या बाजूच्या कडांवरील उंचवट्यांमधले) अंतर आणि तिथून फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर.

तपासा: तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहिता येतो का? "३.५ मिमीचा स्क्रू सुरक्षित बसणार नाही, अशा पेडिकलचे प्रमाण किती?" हा प्रश्न झाला. "मानेच्या मणक्यांचा मॉर्फोमेट्रिक अभ्यास" हे फक्त शीर्षक आहे.

## २. हाडे निवडा आणि ती कोणती आहेत ते प्रामाणिकपणे लिहा

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ॲटलस (सी-१), ॲक्सिस (सी-२) आणि बहुतेक वेळा सी-७ हे मणके सुटे मिळाले तरी आकारावरून ओळखता येतात. सी-३ ते सी-६ यांचे तसे नाही. सी-६चा पुढचा ट्यूबरकल (हाडाचा उंचवटा) मोठा असतो, खाली जाताना बॉडी रुंदावते, हे खरे. पण एका लहानखुऱ्या माणसाचा सी-६ आणि दुसऱ्या धिप्पाड माणसाचा सी-४ शेजारी ठेवले तर या खुणांवर पैज लावता येत नाही. पेटीत वेगवेगळ्या माणसांची हाडे मिसळलेली असतील, तर "सी-४ची सरासरी रुंदी" हा आकडा अंदाजावर उभा असतो.

यावर दोनच मार्ग आहेत.

पहिला, सुट्या हाडांना "सर्वसाधारण (टिपिकल) मणके, सी-३ ते सी-६" असा एकच गट द्यायचा आणि निष्कर्षही त्या गटापुरताच ठेवायचा. दुसरा, एकाच व्यक्तीचा पूर्ण संच मिळवायचा आणि वरच्या मणक्याचे खालचे फॅसेट (सांध्याचा सपाट पृष्ठभाग) खालच्या मणक्याच्या वरच्या फॅसेटवर नीट बसते की नाही, हे पाहून क्रम लावायचा. प्रत्येक पातळीचा आकडा हवाच असेल आणि असे संच कमी असतील, तर कोरड्या हाडांचा हट्ट सोडून सीटीकडे वळा.

सी-७ आणि डी-१ (छातीचा पहिला मणका) यांची गल्लत टाळायला बॉडीच्या बाजूला बरगडीचे फॅसेट आहे का ते बघा, आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेसमध्ये छिद्र आहे का तेही. मात्र सी-७चे छिद्र लहान किंवा दुहेरी असू शकते, कधी एका बाजूला नसतेही. त्यामुळे एकाच खुणेवर निर्णय देऊ नका.

बाजूला काढायची हाडे: फोरामेनची कड तुटलेली, बॉडीच्या कडेला ऑस्टिओफाइट (हाडाचे वाढलेले काटे) फार वाढलेले, दोन मणके जन्मतः जुळलेले, आणि जाड वार्निश मारलेले. विभागातल्या जुन्या बोन सेटवर वार्निशचे एकावर एक थर असतात. पेडिकलच्या ४–५ मिमीच्या मापात तो थर मोजला जातो. प्लास्टिकचे नमुनेही पेटीत मिसळलेले असतात. हातात वजन घेऊन बघा आणि तुटक्या कडेला स्पंजासारखे आतले हाड दिसते का ते पाहा.

किती हाडे काढली आणि का, याची नोंद ठेवा.

सावधान: व्यक्तीची नोंद नसेल तर लिंग व वय माहीत नसते. हाडाच्या आकारावरून "पुरुष" आणि "स्त्री" असे गट पाडून पुन्हा त्याच आकारातला फरक सिद्ध करणे, हे फिरून तिथेच येणे आहे. तो तक्ता काढूनच टाका.

प्रत्येक हाडाला क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. दोरा मोठ्या मधल्या छिद्रातून ओवा. फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियममधून ओवला तर तिची पातळ कड तुटते, आणि तीच तर तुम्हाला मोजायची आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि विभागप्रमुखांची लेखी परवानगी हाडाला हात लावण्यापूर्वी घ्या. हाडे विभागाबाहेर नेऊ नका.

## ३. साधने

डिजिटल व्हर्निअर कॅलिपर ०.०१ मिमीपर्यंत आकडा दाखवतो, पण त्याची अचूकता तेवढी नसते. चांगल्या कॅलिपरमध्येही ०.०२–०.०३ मिमीचा फरक गृहीत धरलेला असतो. त्यात हाडाचा खडबडीतपणा आणि तुमच्या बोटांचा दाब जोडा. अहवालात एक दशांश स्थळ पुरेसे आहे.

जबड्यांची टोके पातळ आणि निमुळती असलेलाच कॅलिपर घ्या. जाड टोके फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियममध्ये शिरत नाहीत, मग विद्यार्थी कडेवरच टेकवून माप घेतात आणि भिंतीऐवजी कडेची जाडी मोजली जाते.

हाड धरायला मॉडेलिंग क्ले किंवा छोटा वाइस. कोनासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स हाडाला काटकोनात, आणि मोजपट्टी पेडिकलच्या उंचीवर. मोजपट्टी टेबलावर आणि पेडिकल दीड सेंटीमीटर वर असेल, तर फोटोतून काढलेले अंतर खोटे ठरते. कोनाला एवढा फटका बसत नाही, पण कॅमेरा तिरका असेल तर तोही बिघडतो.

तपासा: दर दहा हाडांनंतर जबडे मिटून शून्य येते का ते बघा. माहीत असलेल्या मापाचा गेज ब्लॉक रोज सुरुवातीला एकदा मोजा. आकडा थरथरत असेल तर बॅटरी बदला, तोपर्यंतची त्या बैठकीची रीडिंग बाद.

## ४. प्रत्येक मापाच्या खुणा लेखी ठरवा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक मापासाठी सुरुवातीचा बिंदू, शेवटचा बिंदू आणि दिशा अशी तीन वाक्ये लिहा, शेजारी बाण काढलेला फोटो लावा.

बॉडीची खोली. वरच्या कडेवर, मध्यावर की खालच्या कडेवर? मानेच्या मणक्याची पुढची खालची कड ओठासारखी खाली उतरलेली असते, त्यामुळे वरचे व खालचे माप वेगळे येते. पुढून टाकलेला स्क्रू ज्या पातळीवरून जातो, तिथले माप घ्या. ऑस्टिओफाइट थोडेसेच असतील तर कडेऐवजी मध्यउंचीवर, जिथे बॉडी आत खचलेली असते, तिथे मोजा.

कॅनालची (मज्जारज्जूच्या पोकळीची) मापे. पुढून मागे: बॉडीच्या मागच्या पृष्ठभागाच्या मध्यापासून दोन लॅमिना (मागच्या कमानीच्या पट्ट्या) मिळतात त्या बिंदूपर्यंत. आडवे: दोन्ही पेडिकलच्या आतल्या पृष्ठभागांमधले सर्वात जास्त अंतर.

पेडिकलची रुंदी. पेडिकल अक्षाच्या काटकोनात, सर्वात अरुंद जागी, कॅनालच्या बाजूच्या भिंतीपासून फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियमच्या बाजूच्या भिंतीपर्यंत. एक जबडा कॅनालमध्ये, दुसरा फोरामेनमध्ये वरून उतरवायचा आणि हलक्या हाताने थोडा पुढे-मागे फिरवत किमान आकडा शोधायचा.

बहुतेकांचे चुकते ते दिशेत. मानेतले पेडिकल बॉडीकडे तिरके जातात, मध्यरेषेशी त्यांचा कोन मधल्या मणक्यांत सुमारे ४५ अंश असतो. मणका समोर ठेवून कॅलिपर सरळ आडवा लावला, तर तुम्ही पेडिकल तिरके कापता. रस्ता तिरका ओलांडला की अंतर वाढते, तसेच. ४५ अंशांच्या पेडिकलची खरी रुंदी ४ मिमी असेल तर आडवे माप ५.७ मिमी येते. म्हणजे ज्या पेडिकलमध्ये स्क्रू टाकू नये, तेच तुमच्या तक्त्यात प्रशस्त दिसते.

पेडिकलची उंची. वरच्या खाचेपासून खालच्या खाचेपर्यंत, सर्वात कमी जागी. ती रुंदीपेक्षा सहसा जास्त असते, म्हणून स्क्रूच्या निर्णयात अडथळा रुंदीचाच येतो. तरीही उंची सोडू नका. मानेत प्रत्येक नस आपल्या क्रमांकाच्या पेडिकलच्या वरून बाहेर पडते, त्यामुळे वरची भिंत फुटली तर थेट तिलाच इजा होते.

पेडिकलचा कोन. वरून काढलेल्या फोटोत पेडिकलचा अक्ष आणि मध्यरेषा यांच्यातला. मध्यरेषा काढताना मागच्या काट्याचे टोक वापरू नका, ते अनेकदा एका बाजूला झुकलेले असते आणि दुभंगलेले असेल तर दोन्ही टोके सारखी नसतात. कॅनालच्या आडव्या मापाचा मध्य आणि बॉडीच्या पुढच्या कडेचा मध्य, हे दोन बिंदू जोडा.

फोरामेन ट्रान्सव्हर्सेरियम. लांब आणि आखूड असे दोन्ही व्यास, डावे-उजवे वेगळे. दुहेरी असेल तर तशी नोंद करून वेगळ्या रकान्यात टाका.

सावधान: फोरामेनचा व्यास म्हणजे आर्टरीचा व्यास नव्हे. तिच्याभोवती शिरांचे जाळे आणि सिम्पथेटिक नसाही असतात. शिवाय सी-७च्या छिद्रातून व्हर्टिब्रल आर्टरी सहसा जातच नाही, ती बहुतेक जणांत सी-६पासून वर शिरते. सी-७च्या छिद्रावरून आर्टरीविषयी निष्कर्ष काढलेला दिसला, तर परीक्षक तिथेच थांबवेल.

ॲटलसची खोबणी. मागच्या मध्यबिंदूपासून खोबणीच्या आतल्या कडेपर्यंत दोन अंतरे घ्या: कमानीच्या वरच्या आतल्या कडेवर आणि मागच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. मागून सी-१ उघडताना मध्यरेषेपासून मागच्या पृष्ठभागावर १२ मिमी आणि वरच्या कडेवर ८ मिमी यापलीकडे जपून जावे, असे जे सांगतात, त्याच्याशी तुमचे आकडे ताडून पाहता येतात. मात्र एक ठरवा: कॅलिपरने सरळ रेषेत मोजणार, की कमानीच्या वळणावरून दोरा लावून? दोन्ही चालते, एकाच तक्त्यात मिसळलेले चालत नाही. खोबणीवर हाडाचा पूल तयार झाला असेल, पूर्ण किंवा अर्धा, तर त्याची स्वतंत्र नोंद करा. तो पूल म्हणजे रुंद कमान असे समजून तिथून स्क्रू टाकला तर आर्टरीच फाटते, म्हणून सर्जनला ही नोंद हवीच असते. कमानीतून जाणाऱ्या स्क्रूसाठी खोबणीखालची जाडी साधारण ४ मिमी तरी लागते, तीही मोजा.

## ५. मोजण्याचा क्रम

पाच-दहा हाडांवर चाचणी घ्या. जिथे दोन वाचनांत मोठा फरक पडतो, तिथे व्याख्या सैल आहे असे समजा आणि चौथ्या टप्प्यावर परत जा. चाचणीची रीडिंग मुख्य तक्त्यात घालू नका.

नंतर एक माप सर्व हाडांवर, मग दुसरे माप सर्व हाडांवर, असे करा. एकाच हाडाची सगळी मापे सलग घेतली की हात प्रत्येक वेळी वेगळ्या खुणेवर जातो. नेहमी आधी डावी बाजू, मग उजवी.

मोजणारा एक, लिहिणारा दुसरा. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत वाचायचा, पण आधीचा आकडा मोजणाऱ्याला दाखवायचा नाही. प्रत्येक माप तीनदा, पण सलग तीनदा नव्हे. पूर्ण फेरी संपवून मग दुसरी फेरी. सलग घेतले तर पहिला आकडा डोक्यात राहतो आणि जबडा आपोआप तिथेच थांबतो.

तपासा: तीन फेऱ्यांत ०.५ मिमीपेक्षा जास्त फरक पडला तर तिन्ही रीडिंग नव्याने. न जुळणारे एकच खोडून बाकीच्या दोनांची सरासरी काढू नका.

## ६. पुन्हा मोजा, दुसऱ्याकडूनही मोजून घ्या

काही आठवड्यांनी निवडक हाडे पुन्हा मोजा, आणि तीच हाडे एका सहकाऱ्याला फक्त तुमच्या लेखी व्याख्या देऊन मोजायला सांगा. तोंडी समजावू नका. व्याख्या पुरेशी आहे की नाही, हे त्यातूनच कळते.

मोजमापातली चूक अशी काढतात: प्रत्येक हाडाच्या दोन रीडिंगमधल्या फरकाचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज घ्या, हाडांच्या संख्येच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. पाच हाडांवर फरक ०.२, ०.१, ०.३, ०.० आणि ०.२ मिमी असेल, तर वर्गांची बेरीज ०.१८, तिला १०ने भागून ०.०१८, वर्गमूळ सुमारे ०.१३ मिमी. सरासरी रुंदी ५ मिमी असेल तर ही चूक २.७ टक्के झाली.

नुसता सहसंबंध गुणांक देऊ नका. दुसरा निरीक्षक प्रत्येक वेळी तुमच्यापेक्षा बरोबर अर्धा मिलिमीटर जास्त मोजत असला, तरी तो गुणांक १ येतो. दोघांचे आकडे प्रत्यक्ष किती जुळतात हे दाखवणारे इंट्राक्लास कोरिलेशन किंवा ब्लँड–आल्टमन आलेख मागा, संख्याशास्त्रज्ञाला ते माहीत असते.

## ७. सीटीवर मोजत असाल तर

स्लाइस १ मिमी किंवा त्याहून पातळ हवी. ३ मिमीच्या स्लाइसवर पेडिकलची बाहेरची पातळ भिंत पुसट होते. तयार आडव्या स्लाइसवर न मोजता पेडिकलच्या अक्षाला समांतर स्लाइस पुन्हा बांधून घ्या. बोन विंडोचे (हाड स्पष्ट दिसावे म्हणून ठेवलेल्या उजळपणाच्या मर्यादेचे) आकडे सर्व रुग्णांसाठी एकच ठेवा आणि लिहा, कारण विंडो बदलली की भिंतीची जाडी बदललेली दिसते. बाहेरची भिंत ते बाहेरची भिंत, की आतली ते आतली, हेही लिहा.

सी-२साठी कॅनालच्या आतल्या कडेपासून ३ मिमी बाहेरची सॅजिटल (पुढून मागे उभी कापलेली) स्लाइस घ्या. तिथे इस्थमसची उंची ५ मिमी किंवा कमी, किंवा आतली उंची २ मिमी किंवा कमी असेल, तर व्हर्टिब्रल आर्टरी उंचावरून जाते असे धरतात आणि तिथला स्क्रू टाळतात किंवा वेगळा मार्ग शोधतात.

साध्या एक्स-रेवरचे मिलिमीटर विश्वासार्ह नसतात, प्रतिमा मोठी होते. म्हणून तिथे कॅनाल आणि बॉडी यांचे गुणोत्तर वापरतात. ०.८च्या खाली ते गेले तर कॅनाल अरुंद असल्याची शंका घेतात. पण बॉडीच मोठी असेल, जशी दणकट खेळाडूंची असते, तर कॅनाल पुरेसा असूनही गुणोत्तर घसरते. या एका आकड्यावर निदान लिहू नका.

## ८. सर्जनच्या उपयोगाचा तक्ता

सरासरी आणि प्रमाणित विचलन द्याच, पण तिथे थांबू नका. समजा पेडिकलची सरासरी रुंदी ५.३ मिमी आणि विचलन ०.८ मिमी आले. सरासरी वाचून ३.५ मिमीचा स्क्रू आरामात बसेल असे वाटते. आकडे सर्वसाधारण वितरणात असतील तर त्याच गटातली सुमारे १६ टक्के पेडिकल ४.५ मिमीच्या खाली आहेत, म्हणजे जवळपास दर सहातले एक. सर्जनला तो आकडा हवा आहे. किमान माप आणि ठरवलेल्या मर्यादेखालचे प्रमाण, दोन्ही रकाने ठेवा.

५० मणक्यांची दोन्ही बाजूंची पेडिकल मोजली म्हणून नमुना १०० होत नाही. एकाच मणक्याच्या दोन बाजू एकमेकींसारख्या असतात. डाव्या-उजव्याची तुलना जोडीने करा.

चर्चेत पेडिकलच्या भिंतींचा उल्लेख हवाच. कॅनालकडची भिंत जाड असते, फोरामेनकडची पातळ. म्हणून स्क्रू बाहेरच्या बाजूला निसटण्याची शक्यता जास्त, आणि तिथे आर्टरी आहे. तुमची रुंदी आणि तुमचा कोन या धोक्याशी जोडून लिहा.

सावधान: कोरड्या हाडांच्या मापांवरून "हा मार्ग सुरक्षित आहे" असे वाक्य लिहू नका. या आकड्यांनी कोणत्या पातळीवर जास्त जपायचे हे कळते. त्या रुग्णाच्या त्या पेडिकलचा निर्णय त्याच्या स्वतःच्या सीटीवरूनच घेतला जातो.

प्रबंध सादर केल्यावर कच्ची रीडिंग, फोटो, व्याख्यांचा कागद आणि हाडांच्या क्रमांकांची यादी विभागात जमा करा. हाडांवरच्या चिठ्ठ्याही तशाच राहू द्या, म्हणजे पुढच्या बॅचमधल्या कोणाला तीच हाडे पुन्हा मोजून तुमचे आकडे पडताळता येतील.